श्रीमान भरणीशेठ यांचे सेवेशी

अखंडितलक्ष्मीअलंकृत, राजमान्य राजश्री भरणीशेठ यांसी साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपलं खरं नाव आम्हांला ठाऊक नाही, त्याबद्दल प्रथम क्षमा असावी. डंपरच्या नंबरप्लेटवर चिखल असतो, तक्रारीत ‘अज्ञात इसम’ असतो आणि सकाळी खाडीकाठी नुसता ताजा ढीग असतो. देवळाला पंखा दिला तरी तिन्ही पात्यांवर नाव रंगवून घेणारा हा मुलूख. इथे रोज गाड्या भरभरून दान करूनही नाव गुप्त ठेवणारे आपण एकटेच.

वेळही आपण किती विचारपूर्वक निवडता! दिवसा शहराला वाहतुकीचा त्रास नको म्हणून रात्री दोन-अडीचला येता, खाडीकडे वळताना दिवे बंद करता, पक्ष्यांची झोपमोड होऊ देत नाही. हिवाळ्यात ठाणे खाडीत रोहित पक्षी उतरतात आणि 2015 साली तिथे त्यांचं अभयारण्य झालं. त्या अभयारण्याच्या शेजारपाजाराला आपण दिलेली शांतता पक्षी विसरणार नाहीत.

आपल्या वनस्पतिशास्त्राच्या व्यासंगापुढे तर आम्ही नतमस्तक आहोत. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच. म्हणून कांदळवनातलं तिवराचं झाड मुळांची टोकं चिखलातून सरळ वर काढतं. ओहोटीला ती उघडी पडली की त्यांतून हवा घेतं. हे आमच्या मुलांना शाळेत शिकवूनही आठवत नाही. आपण मात्र विटांचे तुकडे, सिमेंटची माती आणि फुटक्या फरशा नेमक्या त्या मुळांवरच ओतता. अभ्यास असावा तर असा.

आणि कुऱ्हाडीला आपण हातही लावत नाही! झाड तोडणारी माणसं अडाणी. तोडलं की आवाज होतो, मागे बुंधा राहतो, कोणीतरी मोबाइलवर फोटो काढतं. आपण आधी भरतीचं पाणी आत कुठून शिरतं ते हेरता. त्या तोंडाशी चार-पाच गाड्या रिकाम्या करता आणि घरी जाऊन स्वस्थ बसता. पाणी यायचं थांबतं. आतली तिवरं हळूहळू पिवळी पडतात, वाळतात. आपण काही केलेलंच नसतं. पुढच्या उन्हाळ्यात त्या वाळक्या झाडांना आपोआप आग लागते. मग जमीन सपाट होते, पत्र्याचं कुंपण येतं, आत ट्रक उभे राहू लागतात, कोपऱ्यात शेंदूर फासलेला एक दगड प्रकट होतो. शेवटी कधीतरी साहेब नकाशा घेऊन येतात, चष्मा पुसतात आणि लिहितात की जागेवर कांदळवन आढळून आले नाही. आढळेल कसं? इतक्या सबुरीनं जंगल मारणारा माणूस आम्ही दुसरा पाहिला नाही.

न्यायालयाविषयीचा आपला आदरही सर्वश्रुत आहे. मुंबई उच्च न्यायालयानं 6 ऑक्टोबर 2005 रोजी राज्यभर कांदळवनाची तोड आणि त्यातली भरणी थांबवली. 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात तर न्यायालय म्हणालं की कांदळवनाचा नाश हा घटनेच्या 21व्या कलमानं दिलेल्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे. कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही राखायचा आहे. हा पट्टा आपण अगदी काटेकोरपणे ओळखता. पहिला ढीग तिथेच तर पडतो.

2005 चा तो आदेश आला तेव्हा मुंबईतला 26 जुलैचा महापूर होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीचं पाणी पसरायला जागा शोधत लोकांच्या घरात शिरलं. जिथे त्यानं पूर्वी पसरावं, तिथे भराव घालून आपल्या वाडवडिलांनी आधीच सोय करून ठेवली होती. घराण्याची परंपरा आपण पुढे चालवताय, हे पाहून ऊर भरून येतो. ओडिशात 1999 च्या चक्रीवादळात ज्या गावांपुढे दाट कांदळवन शिल्लक होतं तिथे माणसं कमी दगावली, असं अभ्यासकांनी नंतर मोजून दाखवलं. पण ओडिशा लांब आहे आणि आपला फ्लॅट बाविसाव्या मजल्यावर आहे.

एक आनंदाची बातमी आपल्याला उशिरा कळली असल्यास ती आमच्याकडून घ्यावी. पर्यावरण (संरक्षण) कायद्यात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. 2023 च्या जनविश्वास कायद्यानं ती काढली आणि त्या जागी 10 हजार ते 15 लाख रुपयांपर्यंतचा दंड ठेवला. खाडीकाठी गुंठ्याचा भाव काय चाललाय हे आम्ही आपल्याला सांगावं, असं नाही. फक्त दंड भरलाच नाही तर तुरुंगाची वाट अजून उघडी आहे, तेव्हा पावती जपून ठेवा.

आमचे कोळीबांधव आपल्याला विशेष दुवा देतात. पूर्वी ओहोटीला चिखलात उतरून निवट्या धरायच्या, बिळात हात घालून चिंबोरी काढायची, पायाला काळवं कापायची. केवढे ते कष्ट! आता चिखलच नाही. कोलंबीची आणि कितीतरी माशांची पिल्लं तिवरांच्या मुळांत वाढतात. जिताडाही लहानपणी खाडीतच असतो. इथे मात्र शेठ, आपला थोडा हिशेब चुकतोय. रायगडात साहेबाकडून काम करून घ्यायचं तर जिताडा घेऊन जायची जुनी रीत आहे. खाड्या अशाच भरत राहिलात, तर आपली फाइल हलवायला आपण साहेबाच्या घरी काय पाठवणार?

आपले वकीलसाहेब हुशार आहेत. ते म्हणतील की वन सर्वेक्षणाच्या अहवालात 2013 साली महाराष्ट्रात 186 चौरस किलोमीटर कांदळवन होतं, आता ते 300 च्या पुढे आहे, मग रडता कशाला? आकडा खरा आहे. त्यात वनखात्याच्या कांदळवन कक्षाचे कष्ट आहेत, गुडघाभर चिखलात गस्त घालणाऱ्या पोरांचे आहेत. पण दुसऱ्या खाडीत उगवलेली तिवरं आमच्या खाडीचं उधाण झेलायला येत नाहीत.

सरकारकडे बोट दाखवायचा हक्कही आपल्याला आहे, तो आम्ही नाकारत नाही. याच सरकारनं 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष केलं. आणि 2022 च्या डिसेंबरात बुलेट ट्रेनसाठी कांदळवनातली सुमारे 20 हजार झाडं तोडायची परवानगी उच्च न्यायालयानं दिली. पण बघा, बुलेट ट्रेनवाल्यांना किती यातायात! अर्ज करा, जनहित सिद्ध करा, झाडं मोजा, बदल्यात नवी लावायचं कबूल करा. आपल्या कामात असा कागदी पसारा नसतो. सार्वजनिक हिताची एवढी मोठी चाळणी लावूनही जे त्यांच्या हातून सुटतं, ते आपण एका रात्रीत आवरता.

आता आपल्या गिऱ्हाइकांविषयी, कारण त्यांच्याशिवाय हा धंदा चालला नसता. आपल्या डंपरमधला माल आपण घरी बनवत नाही. जुन्या इमारती पाडून टॉवर उठतात त्यांचा मलबा, दिवाळीआधी स्वयंपाकघराचा ओटा बदलणाऱ्यांचा मलबा, गुळगुळीत झाल्या म्हणून उखडलेल्या बाथरूमच्या फरशा. हा राडारोडा ज्याच्या घरातून निघाला त्यानंच तो ठरलेल्या जागी पोचवायचा, असा नियम 2016 पासून आहे. पण मुकादम म्हणतो, ‘साहेब, डेब्रिजचे वेगळे पडतील,’ साहेब घासाघीस करून पाचशे कमी करतात आणि दार लावून घेतात. ते पाचशे कुठून सुटले हे आपल्याला बरोबर ठाऊक असतं. साहेब विचारत नाहीत. अशी भाबडी गिऱ्हाइकं कोणत्या धंद्याला मिळतात?

असो. उधाणाच्या दिवशी भरती जरा जपून बघावी. कळावे, लोभ आहेच, तो वाढवू नये ही विनंती.

आपला कृपाभिलाषी,
एक खाडीकाठचा रहिवासी

ता. क. शेठच्या खांद्यावरून हे पत्र वाचणाऱ्यांसाठी: यंदा घरात फोडाफोड काढणार असाल तर आधी महापालिकेला कळवा, राडारोडा त्यांच्या गाडीतून जाऊ द्या आणि पावती मागून घ्या. आणि कोणी स्वस्तात नेतो म्हणाला, तर नेऊन टाकणार कुठे, एवढं त्याला विचारा.