काकू, ऑनेस्ट फीडबॅक द्या

बेंगळुरूत हेब्बाळ ते केंपापुरा या पट्ट्यातल्या कुठल्याही अपार्टमेंटमध्ये एक सेक्रेटरी आणि एक डायरेक्टर असतोच. सेक्रेटरीची निवडणूक होते; डायरेक्टर आपणहून होतो.

आमचा डायरेक्टर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आई-आजी बेळगावच्या, वडील मान्यता टेक पार्कमध्ये. तुम्ही लिफ्टमध्ये दुधाची पिशवी घेऊन उभे असता आणि तो दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून म्हणतो, "काका, असेच थांबा, लाइट मस्त पडलाय." लिफ्टमध्ये एक ट्यूब आहे, तीही फडफडते.

पैसे मागायची त्याची पद्धत अभ्यासपूर्ण आहे. वडिलांसमोर तो थेट रक्कम काढत नाही, दादासाहेब फाळके काढतो. फाळक्यांनी विमा पॉलिसी गहाण टाकून विलायत गाठली. 1912 मध्ये वाटाण्याच्या रोपाचं रोज थोडं थोडं चित्रण करून 'अंकुराची वाढ' हा इवलासा चित्रपट केला आणि तो दाखवून भांडवल उभं केलं. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, वर युनिटचा स्वयंपाकही केला. इथपर्यंत ऐकल्यावर वडील उठून एलआयसीची फाइल जागेवर आहे ना, ते बघून येतात. आजी पाटल्या पदराखाली घेते. शेवटी तडजोड होते ती अशी: वाढदिवसाचे पैसे आगाऊ, वडिलांचा फोन शनिवार-रविवार आणि जेवण घरचं.

'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती करायला बाई मिळेना, म्हणून फाळक्यांनी उपाहारगृहातले आचारी अण्णा साळुंके यांना साडी नेसवली. डायरेक्टरची अडचण उलटी होती. मुलगी मिळाली, वेळेवर यायची, कामही बरं करायची. पण होती भुवनेश्वरची. मराठीतलं तिला 'चला' एवढंच येत होतं. म्हणून नायिका मुकी झाली. पुढे वर्गातल्या एका मित्राने हे दडपलेल्या स्त्रीस्वराचं रूपक असल्याचं जाहीर केलं, तेव्हा डायरेक्टरने विनयाने मान खाली घातली.

लघुपटाचं नाव एकाच शब्दाचं असावं आणि तो शब्द घरात कुणी कधी उच्चारलेला नसावा, असा संकेत आहे. याचा लघुपट 'निर्वात'. सुरुवात गजराच्या घड्याळाने. मग नायक दात घासतो, आरशात बघतो, चहा करतो, आणि बारा मिनिटांपैकी चार संपतात. नायक एकटा आहे हे आपल्याला कळावं, अशी अपेक्षा असते. ते कळतं. थोड्या वेळाने आपणही एकटेच आहोत असं वाटू लागतं.

प्रकाशयोजनेतलं त्याचं दैवत मात्र अस्सल आहे: व्ही. के. मूर्ती. मैसूरचा माणूस, बेंगळुरूच्या जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये छायाचित्रण शिकला (गोविंद निहलानीही तिथलेच), आणि 1959 च्या 'कागज के फूल'मध्ये स्टुडिओच्या अंधारात आरशांनी उन्हाचा तो प्रसिद्ध झोत आणला. डायरेक्टरने आईच्या कपाटाचा आरसा उतरवून बाल्कनीत टेकवला. झोत बेडरूममध्ये यायचा, तो समोरच्या बी विंगमध्ये गेला. तिथे एक आजोबा पेपर वाचत होते. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर ड्रोनची बातमी पक्की झाली होती.

कॅमेरा फिरवायला ट्रॉली परवडत नाही, म्हणून तळमजल्यावरच्या आजींची व्हीलचेअर आणली. गोदारच्या 'ब्रेथलेस'मध्येही कॅमेरामन व्हीलचेअरवर बसला होता, हे तो आजींना समजावून सांगत होता. आजींना तेव्हा बाथरूमला जायचं होतं.

पण हेब्बाळच्या डायरेक्टरला खरा शाप आवाजाचा. खाली बळ्ळारी रोड आणि फ्लायओव्हर, वर जक्कूरच्या फ्लाइंग स्कूलची शिकाऊ विमानं, आणि एक वर्षाआड फेब्रुवारीत येलहंक्याला एरो इंडिया. नायक तलावाकाठी म्हणतो, "मला फक्त शांतता हवी आहे," आणि डोक्यावरून सुखोई जातं. शेवटी डबिंग कपड्यांच्या कपाटात, रजई पांघरून झालं. विरहाच्या प्रसंगात नायकाचा आवाज दाटून आल्यासारखा वाटतो, तो अभिनय नाही. डांबराच्या गोळ्या आहेत.

प्रीमियर गणपतीत झाला, पार्टी हॉलमध्ये, आरती आणि प्रसादाच्या मधे. वेळ धूर्तपणे निवडलेली होती. प्रसाद हातात पडेपर्यंत कुणी हलत नाही. दिवे लागले तसा डायरेक्टर दाराशी जाऊन उभा राहिला. "काकू, ऑनेस्ट फीडबॅक द्या हं. अगदी ब्रूटल." असं म्हणणाऱ्या मुलाचा चेहरा कधी नीट पाहा. दहावीच्या निकालाच्या सकाळी असतो, तसा असतो. त्या चेहऱ्याला ब्रूटल काही सांगायला फार कोरडं काळीज लागतं.

"बरं झालंय की रे," आजी म्हणाली, "पण पोरगं किती वाळलंय ते. जेवत नाही काय?" आईने विचारलं, चहा ओतून घेतल्यावर गॅस का बंद केला नाहीस. शेजारच्या कन्नड मावशींनी दोन्ही हात जोडून "तुंबा चेन्नागिदे" म्हटलं, म्हणजे फारच छान, आणि मग हळूच "कथे एनु?" म्हणजे गोष्ट काय होती? लहान मुलांची एकच मागणी होती: पेलिकन परत दाखव. नायक पाण्याकडे टक लावून बसलेला असताना मागे एका पेलिकनने अख्खा मासा गिळला होता. डायरेक्टरच्या ते शूटिंगच्या वेळी लक्षातही आलं नव्हतं. बारा मिनिटांत ज्याला काही हवं होतं आणि ते मिळालं, असं पात्र तेवढं एकच.

डायरेक्टरकडे प्रत्येक मतावर तीन उत्तरं तयार असतात. 'ते मुद्दाम केलंय.' 'ते प्रेक्षकावर सोडलंय.' आणि समोरचा फारच चिवट निघाला तर, 'ही फेस्टिव्हल फिल्म आहे.' ही तीन वाक्यं पाठ असली की कुठलाही फीडबॅक आत शिरत नाही.

बी विंगचे आजोबा मात्र वेगळ्याच वाटेने शिरले. आरशाच्या झोताचा राग त्यांनी ठेवला नव्हता. "तलाव छान दिसलाय," ते म्हणाले, "केंपेगौडांच्या काळचा आहे, 1537 चा. आणि तुला तो कित्तय्याचा दगड ठाऊक आहे का? 2018 मध्ये इथेच खोदकामात निघाला. इ.स. 750 च्या सुमाराचा लेख, बेंगळुरूतला सगळ्यात जुना कन्नड शिलालेख मानतात. स्वारी आली तेव्हा लढून मेला बिचारा. त्याच्यावर काढ की." डायरेक्टर म्हणाला, "आजोबा, पीरियड फिल्मचं बजेट नाही." माझ्या मते त्या संध्याकाळचा सगळ्यात मोलाचा फीडबॅक हा होता, आणि तो बजेटवर गेला.

त्याच्या बोलण्यात 'पिस्तुल्या' हा लघुपट फार येतो. नागराज मंजुळ्यांनी तो नगरला शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे तो प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. खरंच आहे ते. पण पिस्तुल्याला शाळेत जायचं असतं. 'निर्वात'च्या नायकाला सुखोई सोडून कुणी अडवलेलं नाही, कारण तो कुठे निघालेलाच नाही. हे मी डायरेक्टरला सांगितलं. तो म्हणाला, "ते मुद्दाम केलंय."

खरा हादरा दिला तो वडिलांच्या ऑफिसातल्या एका काकांनी. ते सिनेमा बघत नाहीत, सॉफ्टवेअर तपासतात. त्यांनी दोन दिवसांनी एक्सेल शीट पाठवली. 3.12 ला कप डाव्या हातात, 3.15 ला उजव्या. 7.40 ला शर्ट बदलला. 9.05 ला खिडकीच्या काचेत फोन धरलेला तूच दिसतोस. शेवटच्या रकान्यात 'सिव्हेरिटी' होती, हाय, मीडियम, लो. डायरेक्टर दिवसभर जेवला नाही. 9.05 ला 'फोर्थ वॉल' म्हणून बघितलं, पण काकांनी रकान्यात 'नॉट ॲक्सेप्टेड' लिहून परत पाठवलं. संपूर्ण हेब्बाळमध्ये 'निर्वात' शेवटपर्यंत डोळे उघडे ठेवून पाहिलेला हा एकच माणूस, आणि हे डायरेक्टरच्या उशिरा का होईना, लक्षात आलं. पुढच्या फिल्मसाठी त्याने काकांना कंटिन्युइटीवर घेतलंय. त्याच्या कारकिर्दीतला हा पहिला शहाणा निर्णय.

दुसऱ्या फिल्मची संहिता तयार आहे. नायकाला या वेळी भाड्याने घर हवं आहे, म्हणजे हेब्बाळमध्ये गोष्ट आपोआप लांबेल. शूटिंग जानेवारीत, विमानं यायच्या आत. मराठी बोलणारी एक मुलगी आणि एक व्हीलचेअर पाहिजे. तळमजल्यावरच्या आजी आता देत नाहीत. कुणाकडे सोय असेल तर कळवावं. जेवणाला बिसिबेळे भात आहे, पैसे नाहीत.