भांडी धुण्याच्या यंत्राची कैफियत

स्प्रिंगफील्ड, इलिनॉय

तीर्थरूप काकाजींचे सेवेशी, बालकाचे कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले धारणीहून धाडलेले पत्र पावले. अमेरिकेसारख्या प्रगत मुलुखात राहून जुन्या वळणाचे स्वयंपाकघर पैसे मोजून घेण्याची, आणि त्यातले भांडी धुण्याचे जुनाट यंत्र मोडीत न काढता उलट चालवीत बसण्याची दुर्बुद्धी आम्हां उभयतांस का झाली, याचा खुलासा परत टपाली मागणारा आपला हुकूम तहसील कचेरीच्या शिरस्त्याप्रमाणे आवक नोंदवहीत चढवला असून, त्यावरील कैफियत पुढे सादर करतो.

घर १९५० नंतरच्या दशकातले. फिक्या गुलाबी फरश्या, मुलामा दिलेली पोलादी कपाटे, आणि ओट्याखाली थोडे मागाहून आलेले तांबूस तपकिरी रंगाचे हे यंत्र. अशी स्वयंपाकघरे जशीच्या तशी राखण्याचा षोक इकडे बराच बोकाळला आहे. धारणीच्या बाजारात पितळ मोडीत घालून स्टील नेणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांस हे वेड वाटेल. पण इकडची शिकलीसवरली माणसे आजीच्या काळातल्या कपाटाची एक मूठ मिळावी म्हणून गावोगाव हिंडतात.

यंत्राचे मूळ मात्र आमच्याच प्रांतातले. येथून मोटारीने तास-सव्वा तासाच्या वाटेवर शेल्बीव्हिल म्हणून गाव आहे. तेथल्या जोसेफिन कॉक्रेन या सुखवस्तू बाई. त्यांच्या चिनी मातीच्या उंची बश्या नोकरांच्या हातून टवके उडून खराब होत, आणि त्या जिवापाड जपण्यासाठी बाईंनी हा खटाटोप आरंभला. म्हणजे काकाजी, ज्या यंत्राची कीर्ती श्रम वाचवणारे म्हणून झाली, त्याचा जन्म श्रमांच्या कळवळ्यातून नसून बश्यांच्या काळजीतून झाला, ही गोष्ट या कैफियतीत मुद्दाम नमूद करण्याजोगी आहे. १८८३ साली यजमान कर्ज मागे ठेवून वारले, तेव्हा हौसेचा धंदा करणे बाईंस भाग पडले. घरामागच्या लाकडाच्या कोठारात एका कारागिराच्या मदतीने यंत्र सिद्ध झाले आणि २८ डिसेंबर १८८६ रोजी त्याची सनद, म्हणजे पेटंट, मिळाले. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात ते मांडले गेले. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो; पण तेथल्या मुदपाकखान्यांत बाईंची यंत्रे खरकटे काढीत होती, हे आम्हांस कोणी गुरुजींनी सांगितले नाही.

बाईंची खरी करामत फवाऱ्यात नव्हे, मोजणीत. प्रत्येक बशीचे माप घेऊन त्यांनी तिच्यापुरते तारेचे घर बांधले, आणि प्रत्येक वस्तूस आपापला सातबारा असावा तसा तो बंदोबस्त पुढच्या सर्व यंत्रांत वंशपरंपरेने उतरला. आता या मोजणीच्या वेळी वऱ्हाडातले कोणीच हजर नव्हते, हे उघड आहे. सपाट बशी येथे कायम कूळ. आपली वाटी उपरी. ती फवाऱ्याने उलथते आणि दुसऱ्या दिवशी खरकट्या पाण्याचे तळे घेऊन पुढे येते. गडव्याचा गळा अरुंद, त्यात पाणी शिरत नाही. गंज ठेवला तर वरची जाळी सरकत नाही. आणि उंच काठाचे ताट थेट फिरत्या फवाऱ्याच्या वाटेत उभे राहून वाहतूक बंद पाडते. लोखंडी तव्यास गंज चढतो, अॅल्युमिनियमचा कुकर काळा पडतो, पितळेची रया जाते. एवढी मंडळी वगळल्यावर यंत्राच्या वाट्यास जे उरते, ते आपली सूनबाई हाताने निम्म्या वेळात उरकते. तरीही ती ते आधी खळखळून विसळते आणि मगच आत ठेवते, कारण खरकटे भांडे पेटीत कोंडून ठेवणे तिच्या आचारसंहितेत बसत नाही.

पाण्याचा हिशेब आपणांस रुचणार नाही. १९९४ पूर्वीची यंत्रे एका धुण्यास १० गॅलनांहून, म्हणजे ३८ लिटरांहून अधिक पाणी घेतात. हल्लीची तीन-चार गॅलनांत भागवतात. वैशाखात झिऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरणाऱ्या आपल्याकडच्या मेळघाटातल्या बायांसमोर हा आकडा उच्चारण्याची माझी छाती नाही, म्हणून आम्ही यंत्र फक्त रविवारी चालवतो. त्यातच जुन्या यंत्रांचा आवडता खुराक म्हणजे फॉस्फेटयुक्त पूड; तिच्यामुळे तळ्यांत शेवाळ माजते म्हणून जुलै २०१० पासून इलिनॉय धरून १६ राज्यांनी तिला मनाई केली. तेव्हापासून पेल्यांवर पांढरी साय धरते. सूनबाईने चिमूटभर लिंबूसत्त्व घालून हा प्रश्न सोडवला, हे मी अभिमानाने कळवतो.

आवाजाविषयी थोडे. यंत्र सुरू झाले की भोजनगृहातले संभाषण आपोआप तहकूब होते, आणि पाणी उपसताना ते असा काही घोगरा हुंकार देते की मुले त्यास ‘आजोबा’ म्हणू लागली आहेत. (कोणत्या आजोबांवरून, याची चौकशी आपण न केलेली बरी.) मागच्या महिन्यात त्याचे एक रबरी कडे फाटले. नवे मिळत नाही. पण अशा मृत यंत्रांचे अवयव काढून ठेवणारा एक हौशी गृहस्थ भेटला आणि त्याने आमचेच यंत्र मागितले, तेही नव्या यंत्राच्या किमतीला. मी मान डोलावण्याच्या बेतात होतो. सूनबाई म्हणाली, ‘‘पोळ्यांची परात, पुरणयंत्र आणि दिवाळीचे डबे मग ठेवायचे कुठे?’’ सोमवार ते शनिवार ते यंत्र कोठीचे काम करते, हे आजवर माझ्या ध्यानात आले नव्हते.

सबब, यंत्र मोडीत काढण्याचा हुकूम कायम ठेवायचा असल्यास तो कृपया काकूंच्या सहीनिशी धाडावा. या घरात भांडी खात्याचा कुलअखत्यार सूनबाईकडे असून, काकूंखेरीज इतर कोणाचेही अपील ती दाखल करून घेत नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक
पुतण्या