टाचेची परीक्षा

फरशी निवडायला आम्ही चार रविवार घालवतो. दुकानदाराकडून नमुने घरी आणतो, उन्हात धरतो, त्यांच्यावर पाणी ओततो, मेहुण्याला दाखवतो. आणि ती फरशी ज्या मातीवर बसणार, तिची परीक्षा टाचेनं करतो. कॉलमच्या खड्ड्याकाठी कमरेवर हात ठेवून उभं राहायचं, चपलेची टाच दोनदा आपटायची आणि ‘हार्ड हाय’ असा निकाल द्यायचा. कोल्हापूरजवळच्या उचगावात तावडे हॉटेलकडून आत वळलं की उसाच्या रानात जिथं जिथं चुन्याच्या रेघा पडल्यात, तिथं तिथं अशी एक तरी टाच कामाला लागलेली असते. हसू नये, कारण ती टाच माझीही आहे. शिवाय माझ्या टाचेला थोडं वाचन आहे, म्हणजे ती जास्त धोक्याची. काळ्या मातीला फुगवणाऱ्या खनिजाचा ‘मॉन्टमोरिलोनाइट’ हा शब्द ज्याला एकदा पाठ झाला, तो माणूस खड्ड्यात उतरत नाही, काठावरूनच बोलतो.

खरं तर माती कशी ओळखावी हे कोल्हापूरकराला कुणी शिकवायची गरज नाही. तालमीतल्या हौद्याची माती बघा. तांबडी माती आणायची, चाळायची, एकेक खडा वेचायचा. मग तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर. एवढा मसाला तर आम्ही पाहुण्याच्या रश्श्यालाही जपून घालतो. रोज खोऱ्यानं ती उकरायची, वर-खाली करायची, कोरडी पडली की पाणी शिंपायचं. मूठ वळून बघायची: गोळा झाला पाहिजे, पण बोटाला चिकटता कामा नये. वस्ताद नुसत्या वासावरून सांगतो की आज माती ‘बसलीय’. शाहू महाराजांच्या काळात, 1912 साली खासबाग मैदान उभं राहिलं, तिथंही मान आधी मातीला आणि मग मल्लाला. पाच-दहा मिनिटं पाठ टेकणार त्या मातीची ही सरबराई; आणि पन्नास वर्षं अख्खं कुटुंब ज्या मातीवर पाठ टेकणार, तिला टाच! वस्तादाला खड्ड्यापाशी बोलवावं असं मला फार वाटतं. पण तो खाली उतरून मूठभर माती हातात घेईल, आणि मग काठावरच्या माझ्या भाषणाचं काय होणार?

मुद्दा काळीचा आहे. उचगावातली सगळी जमीन काळी नाही. माळाच्या अंगाला हातभर खाली मुरूम लागतो, ओढ्याच्या अंगाला तो लवकर सापडत नाही. काळीचे कण पुस्तकाच्या पानांसारखे. पाणी शिरलं की पानं फाकतात, उन्हाळ्यात मिटतात आणि रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उसाला हे मानवतं, भिंतीला नाही. याची परीक्षा अगदी स्वयंपाकघरातली वाटावी अशी आहे. बारीक चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम 100 मिलिलिटरच्या दोन नळ्यांत घालायची. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलनं माती फुगत नाही. 24 तासांनी बघावं तर पाण्यातली काळी रॉकेलातल्या काळीच्या दीडपट, कधी दुप्पट जागा धरून बसलेली असते. मुरूम दोन्हीकडं सारखाच. टाच हे कधीच सांगू शकत नाही, कारण टाच आपटतात मे महिन्यात, आणि मे महिन्यात काळीही दगडच असते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: आरसीसीचे कॉलम मुरमात उतरवलेत, आता काय व्हायचंय? कॉलमला काही होत नाही, मान्य. पण फरशी, पायऱ्या आणि कंपाउंडची भिंत कॉलमवर बसत नाहीत. फरशी बसते जोत्यातल्या भरावावर. गुंठाभर जोतं तीन फूट भरायचं तर 33 ब्रास भराव लागतो, तोही दाबलेला. मुरुमाच्या ट्रॉलीला पैसे पडतात आणि खड्ड्यातून निघालेली काळी फुकट शेजारी पडलेली असते. मोह तिथंच होतो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर हॉलच्या मधोमध चार रविवारांची फरशी पोट वर काढते. इलाज नाही असं नाही. आयआयटी मुंबईच्या आर. के. कट्टींनी दाखवून दिलंय की काळीवर साधारण मीटरभर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर नीट दाबला की ती गप्प बसते. साध्या घराला तर एवढंही नको: जोत्यातली काळी काढा, मुरूम सहा-सहा इंचाच्या थरांनी पाणी मारून धुम्मस करा. आणि शेजाऱ्याचं घर वीस वर्षं उभं आहे हा पुरावा मानायचा, तर आधी त्याच्या पायऱ्या भिंतीपासून किती सुटल्यात ते बघून यावं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: आज्या-पणज्यांनी कुठं नळ्या आणल्या होत्या? नव्हत्या आणल्या. पण आपल्या भाषेत गावाच्या जमिनीचे दोन भाग आहेत, काळी आणि पांढरी. काळी कसायची, पांढरीत राहायचं. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर 1945-46 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी खणलं, तेव्हा थेट सातवाहनकाळापर्यंतच्या वस्तीचे थर निघाले. पिढ्यान् पिढ्या एकाच टेकाडावर राहणं ही काही लहान तपासणी नव्हे. शिवाय त्यांची घरं दगड-मातीची, लाकडी खांबांची. जमीन हलली की घर थोडं कुरकुरायचं आणि भेग दिवाळीच्या आत लिंपली जायची. आम्ही पांढरी सोडून काळीत राहायला आलो आणि वर तिनंच शिस्तीत वागावं अशी अपेक्षा धरली.

इथं मात्र माझा विनोद थोडा अडतो. काळी वाईट म्हणून काढायची, इथवर ठीक. पण काढली की ती राडारोडा होते, ट्रॉलीत भरून ओढ्यात जाते. काळा कातळ झिजून ही माती व्हायला हजारो वर्षं लागली आणि जेसीबीला तिच्यासाठी एक दुपार पुरते. वरची दीड-दोन फूट वेगळी काढून एखाद्या हलक्या रानात पसरायची तर भाडं फरशीच्या एखाद-दोन खोक्यांइतकं जास्त पडेल. तो हिशेब कुणी मांडत नाही. ट्रॉली रस्त्याला लागते तेव्हा फाळक्यावरून एखादं उसाचं खोडकं लोंबत असतं, आणि नीट बघितलं तर त्याला दोन हिरवे कोंब फुटलेले असतात.