दिशा बदललीय, सर!

अ‍ॅनिमेशन शिकवणाऱ्या कुठल्याही संस्थेत, शेवटच्या सत्राच्या वर्गात, खिडकीजवळच्या संगणकावर एक चिरंजीव बसलेले असतात. कानावर हेडफोन, हातात टॅबलेटचं पेन आणि शेजारी साय धरलेला चहा. आम्ही मास्तरांनी काम दिलेलं असतं ते असं: पुराणातलं एक पात्र निवडा आणि झीब्रशमध्ये त्याचं शिल्प घडवा. बाकीची मुलं निवडतात आणि घडवायला लागतात. चिरंजीव निवडतात आणि पुन्हा निवडतात. सात चिरंजीव पुराणांनी सांगितलेच आहेत. यांचा प्रकल्प हा आठवा.

"सर, दिशा बदललीय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काम सोडलं, असं ते चुकूनही म्हणत नाहीत. घरी आईनं फोनवर "मूर्ती झाली का रे?" विचारलं, तरी उत्तर तेच. त्यावर ती माउली काळजीनं विचारते, "म्हणजे दक्षिणमुखी करतोयस का?"

सुरुवात बहुधा रावणापासून होते, कारण चिरंजीवांना खलनायकाची बाजू मांडायची असते. मधला चेहरा झकास उतरतो. भुवई, नाकपुडी, ओठांचा मुरका, सगळं पाहत राहावं असं. मग डोक्यांचा हिशेब आडवा येतो. दहातलं एक मधे ठेवलं की उरतात नऊ. म्हणजे एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला पाच. झीब्रशमध्ये 'एक्स' दाबला की डावीकडे केलेलं काम उजवीकडे आपोआप उमटतं, पण दशाननापुढे ही सोय हात टेकते. "रावण सिमेट्रीत बसत नाही, सर," असं ते सांगतात, जणू विश्रवा ऋषींच्याच घराण्यात काही खोट होती.

मग येतो नरसिंह. ना घरात ना बाहेर, ना दिवसा ना रात्री, अशा पेचातून देवानं वाट काढली. चिरंजीवांचा नरसिंह मात्र ना चालू, ना बंद, असा उंबरठ्यावरच बसून राहतो. आयाळीची बट न् बट सुटी केलेली असते. फक्त नखं तेवढी राहिलेली असतात, आणि नखं नसलेला नरसिंह पाहून हिरण्यकशिपूलाही हायसं वाटावं. तेवढ्यात चिरंजीवांना जरासंध सापडतो. दोन शकलांत जन्मलेला आणि जरा राक्षसीनं जोडलेला. "सर, हा तर जन्मजात सिमेट्रिकल! अर्धा मी करतो, अर्धा एक्स करेल!" अर्धा जरासंध मनगटापर्यंत सुरेख होतो. पुढे भीमाची वाटही न बघता चिरंजीव स्वतःच त्याला दोन दिशांना भिरकावून देतात.

याला मातीही थोडी जबाबदार आहे. पेणच्या कारखान्यात शाडू सुकते, तडकते, आणि भाद्रपदातली चतुर्थी काही पुढे ढकलता येत नाही. तिथल्या कारागिराला गणपती निम्मा झाल्यावर "आता मारुतीकडे वळावंसं वाटतंय" म्हणायची चैन परवडत नाही. संगणकातली माती सुकत नाही, संपत नाही, नखांतही जात नाही. चुकलं तर अन्डू, आणि चुकण्याआधीच कंटाळा आला तर नवी फाइल.

अशा वेळी आम्ही मास्तर लोक घसा खाकरून दाखले देतो. गणपतराव म्हात्र्यांनी जे. जे. स्कूलमध्ये विद्यार्थी असतानाच 'मंदिरपथगामिनी' पुरी केली, वगैरे. चिरंजीव आदरानं ऐकून घेतात आणि विचारतात, "पण त्यांना रेंडरला वेळ लागत नसेल ना, सर?"

रेफरन्स म्हणून त्यांना घारापुरीला धाडावं, तर लाँचमधून परत येताना मोबाइल फोटोंनी भरलेला असतो. फोटो बारकाईनं पाहिले की मात्र रहस्य उलगडू लागतं. नेमकी हात तुटलेली शिल्पं तेवढी टिपलेली! मग जुन्या फाइली उघडाव्यात. रावणाचे वीसही हात मनगटाला संपतात. नरसिंह मनगटाला संपतो. जरासंधही तिथेच. माणसाच्या एका हातात २७ हाडं असतात, आणि चिरंजीवांची प्रत्येक नवी दिशा त्यांतल्या पहिल्या हाडापाशी फुटते. खलनायकाची बाजू, सिमेट्रीचं तत्त्वज्ञान, हे सगळं वरवरचं. मुलाला बोटं जमत नाहीत, एवढीच गोष्ट.

हे त्यांना सांगून उपयोग नसतो. चोरी पकडली गेली की दिशा अधिकच वेगानं बदलू लागते. राहू येतो, कारण त्याला नुसतं डोकं. "एकाच चेहऱ्यावर सत्र काढणार?" म्हटलं, की केतू सुचतो, पण केतूला डोकं नसलं तरी हात आहेत, हे लक्षात येऊन तो त्याच दुपारी बारगळतो. आपण मधला मार्ग म्हणून एकलव्य सुचवावा, अंगठ्याचं तेवढंच काम कमी. "उरलेली नऊ आहेतच की, सर," चिरंजीव खिन्नपणे म्हणतात. आणि एके दिवशी डोळ्यांत विलक्षण तेज घेऊन केबिनमध्ये येतात. "सर, अनंग! शंकरानं जाळलेला मदन. त्याला देहच नाही. मी रिकाम्या सीनमध्ये नुसतं लायटिंग करतो."

शेवटी सबमिशनचा दिवस उजाडतो. बाहेरचे परीक्षक येतात आणि पडद्यावर पुन्हा नरसिंह उभा राहतो. आयाळ देखणी, जबडा भीषण, आणि मनगटापुढे दोन गुळगुळीत गोळे.

"हात कुठायत?" परीक्षक विचारतात.

चिरंजीव मान ताठ करतात. "पुरीच्या जगन्नाथाचे तरी कुठे पूर्ण आहेत, सर? अपूर्ण मूर्तीची आपल्याकडे परंपरा आहे."

परीक्षकही पुराणं वाचलेले निघतात. "ती कथा मला माहीत आहे. विश्वकर्मा बंद दाराआड मूर्ती घडवत होता. इंद्रद्युम्न राजाला धीर धरवला नाही, त्यानं मुदतीआधीच दार उघडलं, म्हणून काम अर्धवट राहिलं. तुझं दार कुणी उघडलं?"

"तुम्हीच, सर," चिरंजीव नम्रपणे सांगतात. "आत्ता, साडेदहाला."