पडद्यावरच्या आर्टिस्टला करेक्शन येत नाही

सिनेमातला चित्रकार लांबूनच ओळखू येतो. वाढलेली दाढी, अंगावर शाल, समोर इझल आणि खिडकीत समुद्र. तो डोळे मिटतो, कॅनव्हासवर एक फराटा ओढतो आणि मागे सतार सुरू होते. गिरगावात कमर्शियल आर्टिस्ट म्हणून जन्म घालवलेल्या माझ्यासारख्याला यातली फक्त दाढी ओळखीची. तीसुद्धा डेडलाइनमुळे वाढलेली. इझल आमच्याकडे कधी नव्हतंच. ड्रॉइंग बोर्ड होता, तो मांडीवर घ्यायचा. जेवायच्या वेळी ट्रेसिंग पेपर बाजूला करून त्याच्यावरच ताट. खिडकीत समोरच्या चाळीतली वाळत घातलेली लुगडी. सतार नाही, पण फोन वाजायचा, आणि पलीकडून एकच राग आळवला जायचा : “झालं का?”

पडद्यावरच्या आर्टिस्टला करेक्शन येत नाही, ही माझी मूळ तक्रार. त्याचं चित्र एकदा झालं की झालं. नायिका त्याच्यापुढे उभी राहून रडते. आमच्या चित्रापुढे क्लाएंट उभा राहायचा आणि म्हणायचा, “बाई हसतायत ते ठीक आहे, पण थोडं कमी हसल्या तर बरं. आणि कंपनीचं नाव मोठं करा.” नाव मोठं केलं की बाई लहान व्हायची. मग, बाई इतकी लहान का, म्हणून पुढचं करेक्शन.

तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. अक्षरांचे ब्रोमाइड यायचे, ते ब्लेडने कापून रबर सोल्यूशनने चिकटवायचे. एका कापड दुकानाच्या जाहिरातीत ‘दिवाळी’ची दुसरी वेलांटी सुटून पडली. सगळं घर गुडघ्यांवर रांगत वेलांटी शोधत होतं. बोर्डावर उरलं होतं ‘दिवाळ’. वर एक अनुस्वार पडला असता तर दुकानदाराने माझ्यावर फिर्याद केली असती. वेलांटी शेवटी आईच्या टाचेला चिकटलेली सापडली. असा थरार कुठल्या दिग्दर्शकाने दाखवला आहे? बॉम्बमधली लाल तार की निळी तार, एवढ्यावर ते खूश.

बरं, ज्यांनी आमच्या धंद्याची दखल घेतली, त्यांनी काय केलं? गुरुदत्तच्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’चा नायक प्रीतम व्यंगचित्रकार आहे. सिनेमा 1955चा, त्यातली व्यंगचित्रं प्रत्यक्ष आर. के. लक्ष्मण यांची. म्हणजे हात अव्वल. पण माणूस बेकार! शेवटी मधुबालेशी पैसे घेऊन लग्न करायची नोकरी त्याला मिळते. आमच्या व्यवसायात इतका मोबदला आणि इतका चांगला ब्रीफ दुसऱ्या कुणाला मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तरी गडी त्यातही दुःखी. ‘ठाकरे’मध्येही (2019) व्यंगचित्रकार आहे, पण त्या कथेला पुढचं राजकारण गाठायचं असतं, त्यामुळे ब्रश फार वेळ हातात राहत नाही.

खरी गंमत नटांची आहे. अमोल पालेकर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले. पुढे बँकेत नोकरी केली आणि पडद्यावर कारकून म्हणून गाजले. नाना पाटेकर जे. जे.च्या अप्लाइड आर्टचे, म्हणजे आमच्याच पंगतीतले. त्यांच्या हातात सिनेमाने काय काय दिलं? चाकू, बंदूक. ‘वेलकम’मध्ये (2007) तर कहर झाला. दोन गुंड, त्यातल्या एकाला चित्रकलेचा नाद. ती भूमिका नानांना द्यावी, एवढा साधा न्याय. पण ब्रश गेला अनिल कपूरकडे, आणि घोड्यावर उभ्या गाढवाचं ते चित्र अजरामर झालं. नानांना मिळाला अभिनेता व्हायची हौस असलेला गुंड. अप्लाइड आर्ट शिकलेला माणूस शेजारी उभा राहून ते गाढव बघतो आहे, ही या देशातल्या कमर्शियल आर्टची मी पाहिलेली सर्वांत अचूक चित्रफीत.

जे. जे.चा उल्लेख निघालाच आहे तर ‘न्यूड’चं (2018) सांगतो. दिग्दर्शक रवी जाधव स्वतः अप्लाइडचे, जाहिरातीत काम केलेले. सिनेमा चांगलाच आहे. पण आपला माणूस कॅमेरा घेऊन जे. जे.च्या आवारात शिरला आणि वळला थेट फाइन आर्टकडे! आमच्या वर्गापुढे दोन मिनिटं तरी थांबायचं. कपडे घातलेली मॉडेल्स होती, हा काय आमचा दोष?

रविवर्म्यावरच्या ‘रंगरसिया’तही तेच. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला, ही खरी क्रांती. लिथोच्या छपाईत एकेका रंगासाठी वेगळा दगड, तो नेमका बसला नाही तर लक्ष्मीच्या नाकाची चमकी गालावर जायची. देव छापून घराघरांत पोचले आणि छापखाना मात्र तोट्यात गेला. शेवटी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो घेतला. यात नाट्य नाही? पण पडद्याला दगडापेक्षा मॉडेल बरी वाटते. त्यालाही डोळे आहेत.

लालबाग-परळच्या रस्त्यांवर होर्डिंग रंगवणाऱ्यांना तर कुणी विचारलंच नाही. बांबूच्या परांचीवर उभं राहून, चौकटी पाडून, वीस फुटी नायक रंगवायचा. जवळून दिसायची फक्त एक नाकपुडी. ती कुठल्या मूडमध्ये आहे, हे खालून चहावाला ओरडून सांगायचा. एम. एफ. हुसेनसाहेबांनी तरुणपणी मुंबईत हेच काम चौरस फुटाच्या दराने केलं. हिंदी सिनेमात मात्र होर्डिंग उभं करतात ते व्हिलन त्याला भोक पाडून खाली पडावा म्हणून.

आणि अक्षरं? सिनेमा सुरू होतो तोच अक्षरांनी. कमल शेडगे यांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मधल्या नाटकांच्या जाहिरातींना अशी अक्षरं दिली की वाचताना तिसरी घंटा ऐकू यावी. 2020 साली ते गेले. लेटरिंग करणारा नायक मात्र मी अजून पाहिलेला नाही. एका निर्मात्याला सुचवलं होतं. तो म्हणाला, “नायक दिवसभर खाली मान घालून बसणार. चेहरा कधी दिसणार?” मुद्दा बिनतोड होता.

एकाच सिनेमाने मन शांत केलं : परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. त्यातले दादासाहेब फाळके लोकांना आठवतात सिनेमाचे जनक म्हणून. मुळात माणूस आमचा. जे. जे.ला शिकलेला, रविवर्मा प्रेसची कामं केलेला, ब्लॉक आणि छपाई जाणणारा, भागीदाराशी बिनसल्यावर छापखाना सोडून घरी बसलेला. इथे दाढी-शाल नाही. हा गृहस्थ जादूचे प्रयोग करतो, घरात वाटाणा पेरून त्याची वाढ कॅमेऱ्यात टिपतो, डोळे बिघडवून घेतो, विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला जातो. सगळं घर त्या धंद्यात ओढलेलं, बायको रात्री फिल्म धुते आहे. वेलांटी शोधलेल्या घराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. 3 मे 1913 ला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तो कोरोनेशन थिएटरात, आमच्या गिरगावातच.

हा सिनेमा आम्ही दोघांनी दादरला पाहिला. फाळके एकेक करून घरातलं सामान विकायला काढतात, तिथे थिएटर हसत होतं. मीही हसलो. ही हसली नाही. मध्यंतरात वडा खाता खाता म्हणाली, “हे मात्र अगदी खरं दाखवलंय हो.” घरी आल्यावर तिने लोखंडी कपाटाची किल्ली नेहमीच्या खिळ्यावरून काढली. कुठे ठेवली ते मी विचारलेलं नाही, आणि तिने सांगितलेलं नाही.