टेंभा कोणापुढे?

कंपनीने पाठवलेले दोन मॉनिटर जव्हारच्या आमच्या घरी पोचले, तेव्हा ते ठेवायला टेबल एकच होतं, आईच्या शिलाई मशीनचं. मशीन पलंगाखाली गेलं. मॉनिटर मावले, लॅपटॉप मावला, कीबोर्ड कसाबसा मावला, माउस उरला. तो मांडीवर ठेवून पाहिला. मांडी जरा हलली की पॉइंटर सूर्यमाळचा चढ चढायला लागे. शेवटी माउस ड्रॉवरमध्ये, बॉबिनांच्या शेजारी.

एका पडद्यावर कीबोर्डने संसार उत्तम चालतो. भानगड दुसऱ्या पडद्यापासून सुरू होते. तुम्ही बघता उजवीकडे आणि अक्षरं पडतात डावीकडे. ‘साहेब, वीज गेली होती’ हे वाक्य साहेबांना न जाता जीएसटीच्या रकान्यात जाऊन बसतं.

बोहाड्यात, म्हणजे आमच्याकडच्या मुखवट्यांच्या उत्सवात, असं होत नाही. मोखाड्याला जाऊन बघा. गणपती येतो, शारदा येते, भीम, पूतना, रावण, एकेक सोंग संबळाच्या तालावर नाचत पुढे सरकतं. टेंभा ज्याच्यापुढे, पाळी त्याची. मागे कितीही मुखवटे खोळंबलेले असोत, शेंबड्या पोरालाही शंका येत नाही. विंडोजचा टेंभा म्हणजे काय, तर चालू खिडकीच्या मथळ्याची अक्षरं किंचित गडद! सेटिंगमध्ये रंगांच्या पानावर मथळ्यांना आणि कडांना रंग द्यायची सोय आहे, पण ती आपणहून चालू करावी लागते. मी शेंदरी लावलाय. आई म्हणते, मारुती दिसतो.

आता पलीकडे जायचं कसं? विंडोज ७ आलं २००९ साली. तेव्हापासून विंडोज, शिफ्ट आणि बाण एकदम दाबले की समोरची खिडकी उचलून शेजारच्या पडद्यावर जाते. पण नुसतं आपल्याला जायचं असेल तर त्याला कळ नाही. जायचं तर खिडकी काखोटीला मारूनच जा! उरला ऑल्ट-टॅब. तो सगळ्या पडद्यांवरच्या खिडक्या एकाच रांगेत उभ्या करतो, नुकतीच वापरलेली आधी. कोण कुठल्या पडद्यावर राहतं याची चौकशी करत नाही. विंडोज-१, विंडोज-२ असं दाबून टास्कबारवरचे कार्यक्रम नंबराने बोलावता येतात, ते बरं. मात्र एक्सेलच्या चार फायली उघड्या असल्या की तोच आकडा बडवत बसायचं.

पावसाळ्यात मात्र आमचा भाव वधारतो. वीज जाते, मॉनिटर काळे होतात, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. एचडीएमआयने जोडलेला मॉनिटर मेला तरी संगणकाला पुष्कळदा तो जिवंतच वाटतो, आणि खिडकी त्या काळोखातच बसून राहते. माउसवाला अंधारात चाचपडतो. आपण ऑल्ट-टॅबने तिला गाठायचं आणि विंडोज-शिफ्ट-बाणाने फरफटत उजेडात आणायचं.

दिवाळीत नाशिकला शिकणारा भाचा आला. म्हणाला, “मामा, लिनक्सवर एक्समोनाड टाका. मॉड-डब्ल्यू पहिला पडदा, मॉड-ई दुसरा, मॉड-आर तिसरा. विषय संपला.” खिडक्या मांडणारा हा कार्यक्रम २००७ पासून आहे, आणि फुकट आहे. आय-थ्री नावाच्या त्याच्या भावंडात तर मॉड आणि बाण दाबत गेलं की कड ओलांडून फोकस आपोआप शेजारच्या पडद्यावर. पण कंपनीच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायला जे अर्ज भरायचे, तेवढे १९४८ साली जव्हार संस्थान विलीन होतानाही लागले नसतील.

“मग ऑटोहॉटकी,” भाचा म्हणाला. चार ओळी लिहून हवी ती कळ बनवता येते. तिलाही मंजुरी लागते.

तेव्हा मायक्रोसॉफ्टला जव्हारकरांतर्फे एवढीच विनंती: खिडकी हलवायची कळ दिलीत, आभार. आता खिडकी आहे तिथेच राहू द्या आणि मला तेवढं पलीकडे जाऊ द्या.