ताई निवृत्त झाल्या म्हणे!

अहो वहिनी, जरा इकडे या, कपडे मागाहून वाळत घाला. पलीकडच्या नर्सताई पुन्हा कामाला लागल्या, ठाऊक आहे? मार्चमध्ये निरोपाचा केक कापला, समोसे तर मीच तळून दिले होते. आणि परवा सकाळी साडेसहाला बाई पिशवीत युनिफॉर्म कोंबून पिनर स्टेशनकडे!

मी कुंपणाशी गाठलंच. "बँक शिफ्ट गं, म्हणजे लागेल तशी बदली ड्यूटी, आठवड्याला दोनच," म्हणे. दोनच! एकेक साडेबारा तासांची. गुडघे कुरकुरतात ते वेगळंच.

सेवाभाव वगैरे म्हणू नका हं त्यांच्यासमोर, भडकतात. "सेवा म्हटलं की पगार कमी द्यायला सगळे मोकळे!" १५ डिसेंबर २०२२ ला रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगचा संप झाला ना, इंग्लंडात त्यांचा देशभराचा असा पहिलाच, तेव्हा कानटोपी घालून गेटबाहेर उभ्या होत्या. जाणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवायच्या, ह्या हात हलवायच्या. आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर, तेही वेळेआधी!

मग जातात कशाला? खोदून विचारलं, तर म्हणाल्या, तीन वर्षांत ४५० तास काम दाखवलं नाही तर पिन जाते, म्हणजे नोंदणीच संपली. अहो, पण निवृत्त माणसाला नोंदणी हवी कशाला? मला काही पटलं नाही.

मग हळूच दुसरंच निघालं. वॉर्डात एक गुजराती बा होत्या. डॉक्टर पोरगा दोनदा टोचून घामाघूम, शीर सापडेना. ताईंनी बांचा हात कोमट केला, खाली लोंबता सोडला, "बा, मुठ्ठी वाळो," आणि कॅन्युला एका झटक्यात आत! हे सांगताना वहिनी, त्यांचं बोट आपल्या ह्या कुंपणाच्या फळीवर शीर चाचपत होतं. "केईएमपासूनची सवय गं. घरी बसून हे बोट काय मटार सोलायला वापरू?"

पैशाचंही असेलच थोडं. का नसावं? आमचे हे तेवढंच धरून बसलेत.

ताईंचे यजमान, आपले काका, मात्र भलतेच खूश. दोन दिवस रिमोट त्यांच्या ताब्यात, वर तळलेलं खायलाही कुणाची बंदी नाही. काल मला म्हणतात, "वॉर्डात माणसं कमी आहेत म्हणे, तिसरी शिफ्ट घे म्हणून तुम्हीच सुचवा ना तिला. माझं नाव सांगू नका."